लिचीला जाळी हवी, वटवाघळाला गोळी नको

मंडळाच्या सर्व सभासदांना आणि भारतातल्या आप्तांना मॉरिशसहून नमस्कार.

गणपती झाले की आमच्याकडे लिचीच्या झाडाखाली बोलणी सुरू होतात. यंदा किती फळ धरलंय आणि त्यातलं आपल्या तोंडी किती लागणार? नोव्हेंबर-डिसेंबरात घड लाल व्हायला लागले की रात्री ‘सोव-सूरी’ येतात, म्हणजे वटवाघळं. पत्र्यावर बिया टपटप पडत राहतात आणि सकाळी अंगणभर चोखून टाकलेला चोथा. आमची आजी मध्यरात्री उठून रिकामा डबा बडवायची. शेजारीपाजारी जागे व्हायचे, वटवाघळं मात्र फक्त पुढच्या झाडावर जाऊन बसायची.

तेव्हा राग आम्हालाही येतो, हे आधीच कबूल करतो. पण रागाच्या भरात काय झालं तेही आपण पाहिलंय. 2015 आणि 2016 मध्ये सरकारी मोहिमेत 38 हजारांहून जास्त वटवाघळं मारली गेली, 2018 मध्ये पुन्हा बंदुका निघाल्या. या प्राण्याच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि गोळ्या चालल्या त्या नेमक्या पिल्लं अंगावर पिण्याच्या दिवसांत. त्याच 2018 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी झाली. एवढं करून बागायतदारांचं उत्पन्न वाढलं म्हणावं, तर तेही नाही. खरं तर मैना, बुलबुल, वारा, उंदीर सगळेच लिची पाडतात. बुलबुल तर भारतातूनच आलेला. पण तो दिवसा गोड गातो, म्हणून त्याचं नाव कोणी घेत नाही.

आपल्या बेटावर चांगल्या अवस्थेतलं मूळचं जंगल आता दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. डोडो सतराव्या शतकातच संपला, त्यामागोमाग इथली राक्षसी कासवंही गेली. मोठ्या बियांची रानफळं तोंडात धरून दूर नेऊन टाकणारं या रानात आता मुख्यतः वटवाघूळच उरलंय. ते गेलं तर जुन्या झाडांची बी झाडाखालीच कुजणार, आणि रिकाम्या जागेत चिनी पेरू आणखी माजणार. (तोच पेरू आपण मीठ-मिरची लावून मिटक्या मारत खातो, ही गोष्ट वेगळी.)

म्हणून मंडळानं यंदा एक छोटं काम हाती घेतलंय: सभासदांच्या अंगणातली 20 झाडं झाकायची. ज्या घरी वयस्कर माणसंच आहेत किंवा जाळीचा खर्च झेपत नाही, त्यांना पहिला मान. सरकारची जाळीसाठी अनुदान योजना आहे. तिची चौकशी करायला आणि अर्ज भरायला आम्ही बसू, वरचा खर्च वर्गणीतून होईल. पैसे मंडळाच्या खजिनदारांकडेच द्या आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका.

एक कळकळीची विनंती, मासेमारीची जुनी जाळी आणून देऊ नका. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत कुणीतरी तशीच जाळी झाडावर टाकली होती. सकाळी एक मादी तिच्यात पंख गुंतून लटकलेली सापडली. पोटाला पिल्लू घट्ट चिकटलेलं. कात्रीनं एकेक धागा कापायला तास गेला, आणि तरी मादी वाचली नाही. जाळी अशी हवी की तिच्या भोकातून करंगळीही जाता कामा नये. पांढरी, म्हणजे रात्री दिसेल, आणि बांबूच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली. मोहोर असताना ती घालायची नाही, मधमाश्यांना वाट हवी. फळ धरलं की मग.

उंच झाडांना जाळी पोचत नाही. तिथे घडांना कापडी पिशव्या बांधायच्या. 2020 च्या ऑगस्टमध्ये ‘वाकाशिओ’ जहाजाचं तेल किनाऱ्याला लागलं, तेव्हा ते तेल अडवायला सबंध देश उसाचं पाचट भरून कापडी नळ्या शिवत होता. त्या वेळी मशीन चालवलेल्या मावश्यांना आणि वहिनींना हाक आहे: तेच मशीन, आता पिशव्या. जुन्या मच्छरदाण्या, पडदे, ओढण्या, काहीही चालेल.

कोकणातल्या नातेवाइकांकडून पैसे नकोत, विद्या हवी. जुनी उंच कलमं छाटून बुटकी कशी करायची, हे तुमच्या बागांमध्ये चाललेलं असतं. आमच्या लिचीवर सुगी संपताच तसंच काहीतरी करून बघायचंय. आंबा पाडाला लागताच लांब काठीच्या झेल्यानं उतरवून पेंढ्याच्या आढीत पिकायला घातला, तर वटवाघळाच्या तोंडून सुटतो. इथल्या नव्या पोरांना आढी म्हणजे काय तेच ठाऊक नाही. कुणी फोनवर चित्रफीत काढून पाठवलीत तर मंडळात सगळ्यांना दाखवू.

जाळ्या चढवायचं काम ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी सातपासून. शिडी असेल तर सांगून ठेवा, मंडळाकडे एकच आहे आणि तिची तिसरी पायरी मोडलेली आहे.