४ नॅनोमीटर, पण कशाचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत क्ष-किरणांच्या नॅनो-चित्रणावरचा लेख वाचला. एवढ्या अवघड विषयाला मराठीत अर्धे पान मिळाले, याबद्दल आधी आभार. मात्र ‘४ नॅनोमीटरचे तपशील दिसू लागल्याने आता जिवंत पेशीतील घडामोडीही तितक्याच स्पष्ट पाहता येतील’ हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. चूक किरकोळ नाही, म्हणून हे पत्र.

४ नॅनोमीटरचा आकडा खरा आहे. स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेन येथे असलेल्या पॉल शेरर संस्थेच्या गटाने २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. पण त्यांच्यासमोर पेशी नव्हती, संगणकाची चिप होती. तांबे आणि सिलिकॉन किरणांचा मारा मुकाट सोसतात. पेशी सोसत नाही.

चिपच्या बाबतीत हे कसे साधते ते सांगायला हवे. क्ष-किरणांना काचेचे भिंग चालत नाही. त्याऐवजी ‘झोन प्लेट’ ही बाहेरच्या बाजूला बारीक होत जाणाऱ्या वर्तुळांची चकती वापरतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाच्या रुंदीहून फारसा बारीक तपशील तिच्यातून मिळत नाही. १०-१५ नॅनोमीटर रुंद आणि तरीही भेदक क्ष-किरणांवर परिणाम करण्याइतकी उंच वर्तुळे कोरायला गेले की त्या पातळ भिंती कलंडतात. या गटाने वापरलेल्या ‘टायकोग्राफी’ या पद्धतीत तपशील भिंगावर अवलंबून राहतच नाही. काही मायक्रोमीटर रुंदीचा झोत नमुन्यावर टाकायचा, विखुरलेले किरण काही मीटर दूरच्या डिटेक्टरवर टिपायचे, झोत थोडा सरकवून पुन्हा टिपायचे. लगतच्या दोन ठिकाणांत साधारण ६० ते ७० टक्के भाग सामाईक ठेवतात. डिटेक्टर फक्त तीव्रता मोजतो, लहरींची कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) त्यात हरवते. सामाईक भागाचे चित्र दोन्ही नोंदींशी जुळलेच पाहिजे, या अटीवर संगणक ती कला परत शोधून काढतो. इथे एक फसगत ठरलेली आहे. ठिकाणे चौकोनी जाळीत समान अंतरावर घेतली, तर त्याच अंतराची खोटी नक्षी चित्रात उमटते. म्हणून ती सूर्यफुलातल्या बियांसारखी सर्पिलात मांडतात. मग नमुना किंचित फिरवायचा आणि सगळे पहिल्यापासून. अशा शेकडो कोनांतून त्रिमित प्रतिमा उभी राहते.

याच संस्थेत २०१७ मध्ये इंटेलच्या २२ नॅनोमीटर तंत्राच्या प्रोसेसरमधून सुमारे १० मायक्रोमीटर व्यासाचा खांब आयन-झोताने कोरून काढला होता आणि त्यातले तपशील १४.६ नॅनोमीटरपर्यंत दिसले होते. त्याआधी, आराखडा हाताशी असलेल्या स्वतःच्याच डिटेक्टर-चिपवर त्यांनी पद्धत ताडून पाहिली. ही पायरी बातम्यांत येत नाही, पण त्या निकालावर विश्वास बसतो तो तिच्यामुळेच. तिथून पुढे जाताना आडवी आली ती कंपने आणि तापमानामुळे होणारी सरक. झोत एका ठिकाणी स्थिर धरला, तरी तेवढ्या वेळात तो आणि नमुना एकमेकांपासून काही नॅनोमीटर हलतात आणि चित्र पुसट होते. २०२४ चा उपाय असा की, एक लांब नोंद न घेता त्याच जागी अनेक अगदी छोट्या नोंदी घ्यायच्या आणि प्रत्येक नोंदीच्या वेळी झोत नेमका कुठे होता ते मागाहून गणिताने ठरवायचे.

आता पेशीकडे वळू. तपशील दहापट बारीक हवा असेल, तर किरणांचा डोस साधारण दहा हजार पट लागतो, कारण रिझोल्यूशन (दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील) सुधारेल तसा तो त्याच्या चौथ्या घाताने वाढतो. दुसरीकडे, नमुना बिघडण्याआधी किती डोस सोसतो यालाही मर्यादा आहे. ती तपशिलाच्या दर नॅनोमीटरमागे सुमारे १० कोटी ग्रे (शोषलेल्या किरणोत्सर्गाचे एकक) धरतात. माल्कम हॉवेल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार गोठवलेल्या जैविक नमुन्यात ‘लागणारा’ आणि ‘सोसणारा’ डोस सुमारे १० नॅनोमीटरला एकमेकांना गाठतात. त्याच्या खाली गेले की रचना दिसण्याआधीच विरघळू लागते. आणि ही मुभा गोठवलेल्या नमुन्याची आहे. माणसाला ४-५ ग्रे जिवावर बेततात. किरणोत्सर्गाला दाद न देणारा ‘डायनोकोकस’ जीवाणू सुमारे ५ हजार ग्रे पचवतो. नॅनो-चित्रणाचा डोस सहज १० कोटींच्या घरात जातो. तेव्हा ‘जिवंत’ आणि ‘४ नॅनोमीटर’ हे शब्द एका वाक्यात बसत नाहीत.

माझ्या मते या क्षेत्रातले उत्तम शोध विक्रमी आकड्यांपेक्षा बरेच वर, ३० ते १०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात लागले. कारण तिथे नमुना शाबूत राहतो.

मलेरियाचे उदाहरण घ्या. फाल्सिपेरम परोपजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. उरलेला विषारी हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) तो हिमोझोइनच्या स्फटिकांत बंदिस्त करतो. क्लोरोक्विन या स्फटिकांची वाढ रोखते, असा तर्क जुना होता. पेशीच्या आत औषध नेमके कुठे बसते, हे मात्र थेट दिसत नव्हते. क्लोरोक्विनमधला क्लोरीन शोधून उपयोग नाही, कारण क्लोराइड पेशीत सगळीकडे असते आणि क्लोरीनचे क्ष-किरणही फार दुबळे. म्हणून संशोधकांनी क्लोरीनच्या जागी ब्रोमिन असलेले भावंड, ब्रोमोक्विन, वापरले. ब्रोमिनची खूण ११.९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणांच्या ऊर्जेचे एकक) इतक्या ऊर्जेला स्वच्छ दिसते. बाधित पेशी झटकन गोठवल्या, म्हणजे बर्फाचे स्फटिक पेशी फाडत नाहीत. मग फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या वर्तुळाकार यंत्रावर) ब्रोमिन आणि लोह यांचे नकाशे घेतले. पेशीची रचना टिपायला सौम्य क्ष-किरण होते. २८४ ते ५४३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात पाणी जवळजवळ पारदर्शक असते आणि कार्बन काळा दिसतो, त्यामुळे पेशी रंगवावी लागत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: औषध परोपजीवीच्या पचन-पोकळीत बाहेरच्या द्रवाच्या हजारपट साठते आणि हिमोझोइनच्या पृष्ठभागावर बसून त्याची वाढ अडवते. गडचिरोलीत आजही फाल्सिपेरमचा त्रास आहे आणि तिथे क्लोरोक्विनचा प्रभाव ओसरल्याने आर्टेमिसिनिनयुक्त औषधे द्यावी लागतात. जुने औषध काम कसे करत होते, हे कळण्याला म्हणूनच मोल आहे.

बॅटरीचेही तसेच. लिथियम आयर्न फॉस्फेटचे कण द्रवाच्या छोट्या कुपीत, सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ खिडक्यांमध्ये ठेवून, चार्ज-डिस्चार्ज होत असताना बर्कलीच्या सिंक्रोट्रॉनवर पाहिले गेले. सुमारे ७१० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लोहाच्या दोन अवस्था वेगळ्या ओळखू येतात, त्यावरून कणात लिथियम कुठे आहे ते कळते. २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या या कामात रिझोल्यूशन सुमारे ५० नॅनोमीटर होते. लिथियम आत शिरताना कण बराचसा एकसारखा भरतो, बाहेर पडताना मात्र ठिगळाठिगळांनी रिकामा होतो, हे त्यातून पुढे आले. अशा प्रयोगात किरणांनी द्रवच बिघडवला नाही ना, हे झोत न पडलेल्या कणांशी तुलना करून पाहायचे असते. ते केलेले नसेल, तर निकाल बाजूला ठेवावा.

आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवरची इमेजिंग बीमलाइन (चित्रणासाठीचे प्रयोगस्थान) मायक्रोमीटरच्या पट्ट्यासाठी आहे. टायकोग्राफीला लागणारा कलासंबद्ध (ज्याच्या लहरी एका तालात आहेत असा) झोत नव्या पिढीच्या यंत्रांवर मुबलक मिळतो. ग्रेनोबलला २०२० च्या नूतनीकरणानंतर इलेक्ट्रॉन-झोताची आडवी एमिटन्स (झोत किती पसरट आहे त्याचे माप; कमी तितके चांगले) सुमारे ४००० वरून १३० पिकोमीटर-रेडियनवर आली, त्याचा फायदा थेट इथेच होतो. हॅम्बुर्गचे पेट्रा-३ आणि इटलीतले एलेट्रा यांच्याशी भारताचे करार आहेत. त्यामार्फत महाराष्ट्रातील विद्यापीठांचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. अर्जात नमुन्याची जाडी आणि अंदाजे डोस जरूर लिहावा.

विनंती इतकीच की, पुढच्या वेळी रिझोल्यूशनच्या आकड्याशेजारी नमुना कोणता, तो गोठवलेला होता की वाळवलेला, आणि आकडा कसा मोजला हे छापावे. नोंदींचे दोन निम्मे भाग करून दोन स्वतंत्र प्रतिमा बनवतात आणि त्यांचे तपशील कुठवर जुळतात ते पाहतात. पिक्सेलचा आकार म्हणजे रिझोल्यूशन नव्हे, आणि आपल्या लेखातील तक्त्यात नेमकी हीच सरमिसळ झाली आहे. पेशीच्या चित्राखाली ‘रंग संगणकाने दिलेले’ हेही जरूर असावे. क्ष-किरण तिथे घनता दाखवतात. जांभळा आणि हिरवा रंग नंतर भरलेला असतो.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे