आयसीयूतल्या कॅमेऱ्यामागे कोण बसलंय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आयसीयूत एआय कॅमेरे आले, गादीखाली सेन्सर आले, पेशंट बेडवरून उतरायला लागला की सिस्टरला लगेच अलर्ट, अशा बातम्या हल्ली सारख्या येतात. चांगलंच आहे, नाइटला म्हातारे पेशंट कसे पडतात ते मी नोकरीभर बघितलंय. पण ॲडमिशनच्या वेळी काउंटरवर नातेवाइकांच्या भराभर सह्या घेतात, पेशंट आत स्ट्रेचरवर, ह्यांचा जीव टांगणीला, तेव्हा कोण वाचतंय काय लिहिलंय ते! त्यातच कॅमेऱ्याची एक ओळ घुसवायची आणि नंतर म्हणायचं तुमची संमती होती.

आयसीयूत स्पंजिंग म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं असतं, बेडपॅन असतो, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालायची असते. आम्ही आधी पडदा ओढायचो, वॉर्डबॉयला बाहेर पाठवायचो, मगच चादर बाजूला करायचो. छतावरच्या कॅमेऱ्याला पडदा कुठला? फुटेज कुठे जातं, किती दिवस ठेवतात विचारलं तर म्हणे सिस्टीम बघते, माणूस नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या प्रसूती हॉस्पिटलातले बायकांच्या तपासणीचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले जात होते ते आठवा, अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचे लोकही होते. ते तर साधं सीसीटीव्ही होतं.

अलार्मचं तर विचारूच नका. छातीला चिकटवलेली मॉनिटरची वायर म्हणजे लीड सुटली की बीप, बोटाला लावलेला ऑक्सिजनचा प्रोब घसरला की बीप, पेशंट नुसता कुशीवर वळला तरी बीप, शेवटी न बघताच हात सायलेन्सच्या बटणावर जातो. अमेरिकेत मिशिगनला सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनने अख्ख्या शरीरावर होणारा जीवघेणा परिणाम, आधीच ओळखणारं एक सॉफ्टवेअर तपासलं, 2021 मध्ये निकाल छापून आला, तर 67 टक्के सेप्सिसचे पेशंट त्याला सापडलेच नव्हते आणि तरी ॲडमिट झालेल्या दर 100 पैकी 18 जणांसाठी ते वाजलं होतं! असलं मशीन दाखवून उद्या मॅनेजमेंटने नाइटची एक सिस्टर कमी केली तर अलार्म वाजल्यावर पळायचं कोणी?

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना सोप्या भाषेत आणि मागितली तर मराठीतही द्यायची असं लिहिलेलं आहे. मग कॅमेऱ्याचा कागद वेगळा द्या, नातेवाईक जरा सावरल्यावर द्या, स्पंजिंगच्या वेळी कॅमेरा बंद करायचं बटण सिस्टरच्या हातात ठेवा. आणि एखाद्याने नको म्हटलं तरी त्याला बेड मिळाला पाहिजे.

– एक निवृत्त स्टाफ नर्स, मिरज