कंबर कधी दुखते ते लिहून ठेव

चि. सोनल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे रिपोर्ट मोबाईलवर मोठे करकरून वाचले. हाडांच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढून ‘एल४-एल५ला किंचित बल्ज’, म्हणजे कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी जराशी बाहेर फुगलेली, म्हणून पट्टा दिला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी नॉर्मल आहे म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांनी डी जीवनसत्त्वाच्या पुड्या दिल्या. वर सगळ्यांचं एकमत, की बैठं काम आहे, खुर्ची बदला. खुर्ची तू बदललीसही. दुखणं आहे तिथंच.

वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की जो तो आपल्या वाट्याचा भाग तपासतो. कुठे दुखतं हे सगळ्यांनी विचारलंय. कधी दुखतं, हे विचारल्याचं मला एकाही कागदावर दिसत नाही. कमरेच्या आणि ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यात गोम बहुतेक वेळा तिथंच असते.

त्या बल्जचं आधी सांगते, कारण तू त्यालाच घाबरून बसली आहेस. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय तपासले, तर विशीतल्या साधारण ३० टक्के आणि तिशीतल्या ४० टक्के लोकांत बल्ज सापडतो. केस पिकावेत तसा तो वयाबरोबर वाढत जातो. त्यामुळे तुझ्या दुखण्याचं कारण तोच, असं त्या फिल्मवरून ठरत नाही.

दिवाळीत पहाटे चारच्या सुमारास तू ओसरीवर येरझाऱ्या घालत होतीस. मी उठून आले तर म्हणालीस, “पडून राहिलं की जास्त दुखतं गं, चाललं की सुटतं.” सकाळी मोजे घालायला तुझा पाय वर येईना, आणि दहा वाजता वरच्या फळीवरचे फराळाचे डबे तूच काढलेस! नेहमीची लचकलेली, भरलेली कंबर आडवं पडलं की बरी वाटते. तुझं उलटं आहे. शिवाय कधी डावा कुल्ला धरतो, कधी उजवा. तू हात ठेवतेस ती जागा मणक्याची नाहीच. पाठीला कमरेखाली दोन खळ्या असतात ना, त्यांच्या आत एसआय जॉइंट असतो, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि कमरेचं रुंद हाड जिथं जुळतं तो सांधा. तो सुजला की दुखणं कुल्ल्यात उतरतं आणि माणूस सायटिका म्हणून शेकत बसतो.

आता दादामामाकडे बघ. पंचविशीपासून तो कंबर धरून होता. मध्येच एक डोळा लालभडक व्हायचा, उजेड सहन व्हायचा नाही. घरात सगळे ‘डोळे आले’ म्हणायचे. टाच दुखायची, तिचं खापर चपलांवर. हे तिन्ही एकाच आजाराचं आहे हे संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर त्याचे मणके एकमेकांना जुळून गेले होते. स्कूटर मागे घेताना तो अजूनही धडासकट वळतो, तू लहानपणी त्याची नक्कल करायचीस. त्या आजाराला अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात तो असला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. आम्हाला नर्सिंगला हा पुरुषांचा आजार म्हणून शिकवला होता. एक्स-रेत सांधा खराब दिसायला वर्षं लागतात. त्याआधीची अवस्था बायकांतही जवळजवळ तितकीच आढळते, फक्त तिला नाव मिळायला उशीर होतो.

म्हणून रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना, दाखव. ते रक्ताच्या दोन तपासण्या करायला सांगतील: एचएलए-बी२७, म्हणजे या आजाराशी जोडलेली आनुवंशिक खूण, आणि सीआरपी, म्हणजे अंगात सूज आहे का ते. बी२७ पॉझिटिव्ह आलं म्हणून रडत फोन करू नकोस, ते असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. निगेटिव्ह आलं, सीआरपी नॉर्मल आलं, म्हणून सुटलो असंही नाही. एमआरआय परत काढायची वेळ आली तर एसआय जॉइंटचा काढायचा, तुझा आधीचा मणक्यांचा आहे. आणि सांध्याची सूज बाळंतिणीत किंवा खूप पळणाऱ्यांतही दिसू शकते, तेव्हा नुसत्या रिपोर्टवर निदान करणाऱ्यापासून जरा लांबच राहा. एकाच बाजूचा सांधा, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं असेल तर आपल्याकडे टीबीचा विचार आधी करावा लागतो.

पण मी घड्याळ बघतेय, तू कॅलेंडरही बघ. पाळीच्या आधी दोन दिवस दुखणं चढतं का? त्या दिवसांत संडासला बसताना कळ येते का? अमोलजवळ असताना आत खोल दुखतं का? लाजू नकोस, मी सिस्टर म्हणून विचारतेय. असं असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, डोक्यात ठेवायला हवं. पाळीच्या वयातल्या साधारण १० टक्के बायकांना ते असतं. गर्भाशयाच्या मागच्या, त्रिकोणी हाडाकडे जाणाऱ्या पट्ट्यांत ते रुतलं तर कंबर दुखते, आणि साध्या सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट (त्यामुळे अंडाशयात होणारी जुन्या रक्ताची गाठ) नसली तर काहीच दिसत नाही. पूर्वी दुर्बिणीने पोटात बघितल्याशिवाय निदान करत नसत. आता लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करून बघतात. तुझ्या सासूबाई म्हणतात ‘एक मूल झालं की जाईल’. वाद घालू नकोस, पण त्यावर विसंबूही नकोस.

एका वहीत रोज चार ओळी लिही: किती वाजता जाग आली, कंबर मोकळी व्हायला किती वेळ लागला, कुठली बाजू, पाळीचा कितवा दिवस. वेदनाशामक गोळी घेतलीस तर तिने किती फरक पडला तेही. या गोळ्या मनाने रोज घ्यायच्या नाहीत, पोट आणि किडनी दोन्ही बघावं लागतं. पायातली ताकद गेली, लघवी कळेनाशी झाली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र वही-बिही राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

पट्टा दिवसभर आवळून ठेवू नकोस, पोहणं सोडू नकोस. फिल्म आणि सीडी दोन्ही बरोबर ने, नुसता रिपोर्टचा कागद नको. आणि अपॉइंटमेंट सकाळची पहिली घे. दुपारी तू सुटी झालेली असतेस, डॉक्टर वाकायला सांगतील आणि तू टुणकन वाकशील.

तुझी
आई