कोलंबोत आहेसच तर पी. सारा बघून ये

मन्या,

कंपनीने दोन वर्षांसाठी कोलंबोला धाडलंय ही बातमी काकूंकडून कळली, तुझा मेसेज नंतर आला, आणि त्यात काय लिहिलंस तर "इथे क्रिकेटमध्ये आता काय राम नाय राहिला". अरे लेका, राम नसेल पण ग्राउंडं तर आहेत ना! आणि लंकेची गंमत अशी की अख्खा इतिहास दोनचार ग्राउंडांवर मावतो, तुला रिक्षाने एका रविवारात होईल.

पहिलं बोरेल्लातलं पी. सारा ओव्हल बघ. छोटंसं आहे, पण १९८२ च्या फेब्रुवारीत लंका पहिली टेस्ट इथेच खेळली, इंग्लंडशी, कॅप्टन बंदुला वर्णपुरा. हरले. त्याआधी १९७५ च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाच्या फास्ट बॉलर थॉमसनने त्यांच्या वेत्तीमुनी आणि मेंडिसला असे बॉल हाणले होते की दोघांना हॉस्पिटलात न्यावं लागलं, तरी त्या मॅचला ४ बाद २७६ केले पठ्ठ्यांनी. आणि मग पहिली टेस्ट जिंकले ती कोणाशी? आपल्याशीच! १९८५, हेच पी. सारा, कपिलची टीम, १४९ रन्सनी. विकेटकीपर अमल सिल्वाने सेंचुरी मारली आणि वर नऊ जण टिपले. आपल्याकडे ही मॅच कोणी काढत नाही, सोयीस्कर विसरलोय.

९६ ला लंकेने वर्ल्ड कप जिंकला ते तुला सांगायला नको. पण एक गोष्ट तेव्हा आपल्या डोक्यात नव्हती. वर्ल्ड कपच्या तोंडावर, ३१ जानेवारीला, कोलंबोत सेंट्रल बँकेवर बॉम्बस्फोट झाला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज तिकडे खेळायला गेलेच नाहीत, आणि भारत-पाकिस्तानची मिळून एक टीम तिथे मैत्रीची मॅच खेळून आली. एकाच टीममध्ये, विचार कर! आपल्याला मात्र आठवतो दिल्लीला जयसूर्याने धुतलेला प्रभाकर (शेवटी बिचारा ऑफस्पिन टाकायला लागला) आणि ईडनवर रडत परत जाणारा कांबळी. त्या सेमीत पहिल्याच ओव्हरला त्यांचे ओपनर कालू (कालुवितरणा) आणि जयसूर्या दोघं गेले तेव्हा तुमच्या हॉलमध्ये आपण नाचलो होतो, आठवतंय? आणि मग अरविंदा डिसिल्वा आला. ४७ बॉलमध्ये ६६. तुझे बाबा एवढंच म्हणाले, "हा माणूस बॅटिंग करत नाहीये, हिशोब चुकता करतोय." फायनलला लाहोरला पण तोच, तीन विकेटी आणि नाबाद १०७.

आता प्रेमदासा स्टेडियम. इथे तू जाच, डोंबिवलीकर म्हणून तुझी ड्युटी आहे. ऑगस्ट १९९७. आपण ८ बाद ५३७ वर डाव सोडला, सिद्धू, सचिन, अझर तिघांची शतकं, आणि आपला नीलेश कुलकर्णी टेस्टमधला पहिलाच बॉल टाकतो आणि अटापट्टू आउट! मोंगियाने कॅच घेतला. पहिल्या बॉलवर विकेट, आणि तोही आपल्या गावचा, चाळीत काय ओरडाआरडा झाला होता. त्यानंतर दोन अख्खे दिवस एकही विकेट नाही रे, जयसूर्या आणि महानामा, ५७६ ची पार्टनरशिप. मी क्लासला जाऊन आलो, जेवलो, झोपलो, उठलो तरी तेच दोघे. ६१५ वर एकदम दोघेही आउट झाले, जयसूर्या ३४०, महानामा २२५, तोवर टीव्ही बघणारे आपण दोघंच उरलो होतो. ६ बाद ९५२. नीलेशचे आकडे ७० ओव्हर, १९५ रन, १ विकेट, म्हणजे जे काय मिळालं ते त्या पहिल्या बॉललाच. आणि त्याच प्रेमदासावर २०२३ च्या आशिया कप फायनलला सिराजने ६ काढल्या, लंका ऑलआउट ५०. तेव्हा जिंकूनही मजा नाही आली मला, खरं सांगतो.

एसएससीला (सिंहलीज स्पोर्ट्स क्लबचं ग्राउंड) आफ्रिकेविरुद्ध महेला जयवर्धने ३७४, संगा म्हणजे संगकारा २८७, ६२४ ची पार्टनरशिप, साल २००६, पण मला एवढं नाही भिडत, कदाचित समोर आपण नव्हतो म्हणून.

कोलंबोबाहेर जायचं झालं तर गॉल. डच किल्ल्याच्या तटाखाली ग्राउंड, त्सुनामीने पार वाट लावली होती, परत उभं केलं. तिथे जुलै २०१० मध्ये स्पिनर मुरलीधरनने आपल्याविरुद्ध शेवटची टेस्ट खेळली, मॅचला निघताना ८०० टेस्ट विकेटींना आठ कमी. आठवी विकेट आपला शेवटचा माणूस ओझा, स्लिपमध्ये कॅच महेलाचा. जन्मापासून कोपर सरळ न होणारा कँडीच्या बिस्किटवाल्याचा पोरगा, मेलबर्नला अंपायर डॅरेल हेअरने बॉल फेकतो म्हणून सात वेळा नो बॉल दिला तरी बॉल टाकत राहिला. वानखेडेला २०११ च्या फायनलला तो एक विकेटही न घेता गेला आणि आपण धोनीच्या सिक्सवर नाचत होतो, त्याच्याकडे बघितलं कोणी?

असो. पी. साराला गेलास की स्कोअरबोर्डचा फोटो पाठव, आणि तिथल्या म्हाताऱ्या माळ्याला ८५ बद्दल विचार. भारतीय आहेस हे आधी सांगू नकोस.

तुझा,
पक्या