जमीन राखणारा खासदार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत सरकारी जमिनी विकायला काढण्याचा घाट घातला गेला आणि महिन्याअखेर तो बारगळलाही. त्याबद्दल मला मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

मी आयडाहो राज्यात बॉइसीला राहतो. ('बॉइझी' म्हटलं की माणूस परगावचा, हे इथे लगेच ओळखतात. मी वर्षभर तेच म्हणत होतो.) शेजारच्या युटा राज्याचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात पश्चिमेकडच्या ११ राज्यांतली वीस-तीस लाख एकर जमीन विकण्याचं कलम घातलं. कारण दिलं घरांच्या टंचाईचं. डेमोक्रॅट विरोध करणार हे ठरलेलंच होतं. पण आयडाहोचे दोन्ही सिनेटर ली यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, आणि तेही आडवे आले. आमच्या ऑफिसात राजकारणावरून एकमेकांशी अबोला धरलेले दोघे त्या आठवड्यात एका टेबलावर जेवताना दिसले. एक शिकारी, दुसरा शाकाहारी.

राज्याची साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची, आणि तरी लोक तिला 'आपली' म्हणतात. हे आपोआप झालेलं नाही. त्यात फ्रँक चर्च या माणसाचा मोठा वाटा आहे.

चर्च मूळचे बॉइसीचेच, डेमोक्रॅट पक्षाचे. १९५६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी सिनेटवर निवडून आले. खाणी, लाकूड आणि गुरं यांवर चालणाऱ्या राज्याचा खासदार अरण्य राखायच्या भानगडीत पडत नाही. हे पडले. १९६१ मध्ये अरण्य कायद्याचं, म्हणजे सरकारी जंगलांचे काही भाग रस्ते-इंजिनांविना जसेच्या तसे राखण्याचं, विधेयक सिनेटमध्ये आलं तेव्हा ते मांडणारे ज्येष्ठ सदस्य आजारी होते. सभागृहात ते लढवायचं काम चर्च यांनी घेतलं, तेही पुढच्याच वर्षी स्वतःची निवडणूक असताना. कायदा व्हायला १९६४ उजाडलं. मग १९६८ चा नद्यांच्या रक्षणाचा कायदा आणि १९८० मध्ये मध्य आयडाहोचं तेवीस लाख एकरांचं अरण्य. सातारा जिल्ह्याहून थोडंसंच लहान, आणि आत मोटार न्यायची सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच अरण्यात, सॅमन नदीच्या मिडल फोर्क या फाट्यावर, बाउंड्री क्रीकच्या पायवाटेने आम्ही थोडं आत गेलो होतो. वाटेत पाइनचं भलं मोठं झाड आडवं पडलेलं. वनखात्याची दोन पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, माणूसभर लांबीची करवत घेऊन ते कापत होती. दोन टोकांना दोघं, आणि फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. भुसा कसला, शेवयांसारखे लांब लांब पापुद्रे निघत होते. मी विचारलं, मशीनची करवत का नाही आणली? मुलगी म्हणाली, कायद्यात बसत नाही. म्हणजे जंगलात इंजिन नको हा नियम पर्यटकाला आहे तसाच खात्यालाही आहे. सायकलसुद्धा चालत नाही. आपल्याकडे वनखात्याच्या जीपला कोण अडवणार?

चर्च यांना संत करायचा माझा इरादा नाही. १९८० च्या कायद्यात त्यांनी तडजोडी भरपूर केल्या. जंगलातल्या जुन्या धावपट्ट्यांवर छोटी विमानं उतरत राहिली, मुख्य नदीवर जेट बोटी चालू राहिल्या, कोबाल्ट धातूच्या खाणींसाठी एक भाग वेगळा ठेवला. कट्टर पर्यावरणवाद्यांना हे आजही खुपतं. मला मात्र त्यातच खरी हुशारी दिसते. ज्या पायलटला आणि नावाड्याला जंगलात जाता येतं, तो ते विकू देत नाही. आणखी एक गोष्ट लपवू नये. 'माणसाचा हात न लागलेलं' म्हणून ज्याचं कौतुक होतं, तिथे शोशोनी लोक राहत होते, आणि १८७९ मध्ये लष्कराने त्यांना हुसकावून काढलं.

जुलै १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली आणि नोव्हेंबरात चर्च पडले. फरक सव्वाचार हजार मतांचा. जंगलामुळेच पडले असं म्हणणं खरं नाही. रेगन यांची लाट होती आणि पनामा कालवा पनामा देशाला परत देण्याच्या कराराला त्यांनी पाठिंबा दिल्याचा रागही होता. पण लाकूड आणि खाणवाले त्यांच्यावर खूश नव्हते हेही खरं. पुढे १९८४ मध्ये ते कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले असताना त्या अरण्याला त्यांचं नाव देण्यात आलं. त्यासाठी पुढाकार घेतला तो आयडाहोच्याच रिपब्लिकन सिनेटर मॅक्‌क्ल्युअर यांनी. काही आठवड्यांतच चर्च वारले.

हे सगळं लिहिताना डोळ्यांसमोर येत होतं ते गायरान. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं, त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रानेही गायरानाबद्दल शासन निर्णय काढला. एक कोर्टाचा हुकूम, दुसरा मंत्रालयाचा कागद. पण गायरान वाचवलं म्हणून मतं मागणारा आमदार मी अजून पाहिलेला नाही. आमदारांच्या कार्य अहवालात रस्ते, सभामंडप, हायमास्ट दिवे असतात. न बांधलेली, मोकळी ठेवलेली जमीन 'केलेल्या कामात' कधी मोजली जात नाही. (भूमिहीनांच्या झोपड्यांबद्दल मी बोलत नाही. तो प्रश्न निराळा आहे.)

माझ्या आजोळच्या गायरानात लहानपणी आम्ही शेळ्यांमागे हिंडायचो. आता तिथे समाजमंदिर आहे, पाण्याची टाकी आहे आणि दोन दुमजली बंगले आहेत. निवडणुकीच्या सभा त्याच समाजमंदिरात होतात. परदेशी येण्याआधी तीन निवडणुकांच्या सभांना मी तिथे सतरंजीवर बसलो आहे. प्रश्न विचारा म्हटल्यावर मी दोनदा उठलोही. एकदा एसटीच्या वेळेबद्दल विचारलं, एकदा विजेच्या डीपीबद्दल.

आपला,
एक वाचक, बॉइसी (आयडाहो)