सूचना : विकास नियंत्रण नियमावलीतील (बांधकामाच्या नियमांतील) प्रस्तावित फेरबदलावर नगरपरिषदेचे म्हणणे

सर्व सदस्यांसाठी : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 (1कक) खाली शासन स्वतःहून फेरबदल सुचवते, तेव्हा हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. तो राजपत्रातील सूचनेच्या तारखेपासून मोजायचा. वर्तमानपत्रात जाहिरात आली त्या दिवसापासून नव्हे. नेमकी इथेच मुदत हुकते.

नंतर शासन आलेल्या हरकती नगरपरिषदेकडे पाठवते. त्यावर आपले म्हणणे द्यायलाही महिनाच असतो. विषयपत्रिका, सभेची नोटीस, ठराव, इतिवृत्त यांतच निम्मे दिवस जातात. म्हणून विषय पुढच्या सभेवर ढकलू नका.

ठरावात नुसते 'विरोध आहे' लिहू नका, त्याला वजन राहत नाही. विनियम क्रमांक, सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद, आपल्याला हवी ती शब्दरचना आणि कारण, एवढे हवेच. उदाहरणार्थ, वाढीव चटईक्षेत्राला (भूखंडावर करता येणाऱ्या एकूण बांधकामाला) 9 मीटर रस्त्याची अट असेल आणि गावठाणातली गल्ली 4 मीटरचीच असेल, तर त्या गल्लीचा मोजणी नकाशा जोडा. पाणी आणि मलनिस्सारणाच्या क्षमतेचा अभियंत्यांचा अहवालही लावा. सुनावणीत तोच उपयोगी पडतो.

आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय आपल्या म्हणण्याचे पत्र शासनाला दिले असे समजू नये.