मनूला खरंच गरम होतंय, दादू

चि. दादूस अनेक आशीर्वाद,

रविवारी फोनवर तू म्हणालास ना, की मनू रात्री एसी 20 वर नेते आणि तू दुलईत गुरफटून झोपतोस, आणि वर "आई, तिचं जरा अतीच चाललंय". ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. एवढी वर्षं मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढली, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

गरोदरपणाच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांत तिचं अंग कोमट लागायचं, आठवतंय? तेव्हा प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढलेलं असतं आणि ते शरीराचं तापमान अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइटने वर नेतं. पुढे ते हळूहळू उतरतं, शेवटच्या महिन्यांत तर नेहमीपेक्षा थोडं खालीच जातं. म्हणजे आता थर्मामीटर लावलास तर ताप अजिबात दिसणार नाही, तरीपण ती घामाने निथळतेय आणि ते शंभर टक्के खरं आहे. अंगातलं रक्त जवळपास 40 ते 50 टक्क्यांनी वाढलंय, ते कातडीजवळ जास्त खेळतं आणि गाडीच्या रेडिएटरसारखं उष्णता बाहेर टाकत राहतं, घामही लवकर फुटतो. आणि ही सगळी धडपड कोणासाठी, तर आतल्या बाळासाठी, कारण बाळ आईपेक्षा साधारण एक डिग्री फॅरनहाइटने गरम असतं आणि त्याला स्वतःला घाम येऊन गार होता येत नाही, त्याची उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि मग तिने ती बाहेर टाकायची. म्हणून एसी तिच्या हिशोबाने चालू दे, तू स्वेटर घाल.

आता ती पुढच्या आठवड्यात अकोल्याला माहेरी जाणार आणि बाळंतपण ऐन मे महिन्यात. अकोल्याचा मे म्हणजे 45 डिग्री, तुला माहितीये. उष्णतेच्या लाटेत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं वाढतात, त्यामुळे प्रवास रात्रीचा कर, दुपारी 12 ते 4 बाहेर पडणं नाही, पाणी, ताक, लिंबू सरबत सतत हाताशी. लघवी गडद पिवळी झाली किंवा पोट सारखं घट्ट होत राहिलं तर वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन.

बाळंत झाल्या झाल्या एक गोष्ट होईल, ती बघून तू घाबरशील म्हणून आधीच सांगते. पहिल्या अर्ध्या-एक तासात बऱ्याच बायकांना हुडहुडी भरते, दातावर दात आपटतात, पाय एवढे थरथरतात की खाट हलते आणि बाळाला हातात धरवत नाही. तिला तेव्हा पांघरूण घाल, हात धरून बस, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं, नुसती थंडी म्हणजे ताप नाही. पण सिस्टरला सांगून ठेव. मग घरी आल्यावर रात्रीचा घाम सुरू होतो, गाऊन पिळून काढावा इतका. इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम खाली येतं, नऊ महिने साठलेलं पाणी शरीर लघवीतून आणि घामातून बाहेर काढतं, काही आठवडे हे चालतं. उशीवर टॉवेल, दोन-तीन सुती गाऊन जास्तीचे, उशाशी पाण्याची बाटली, एवढं पुरे.

आता नीट वाच. बाळंतिणीला 100.4 किंवा त्याच्यावर ताप आला की तो ताप धरायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरताना छाती भरते, अंगात जरा कसकस वाटते, ते ठीक, पण घराघरात खरा तापसुद्धा "दूध उतरतंय" म्हणून अंगावर काढतात आणि मला याचा फार राग येतो. बाळंतज्वराने पूर्वी किती बायका गेल्या! व्हिएन्नात 1847 साली सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने नुसते क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले तर वॉर्डातले मृत्यू धडाधड कमी झाले, इतका तो हातातून पसरणारा आजार. ताप आणि सोबत थंडी, छातीत धडधड, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, पोटात दुखणं, टाके लाल होणं, किंवा छातीवर लाल कडक गाठ, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. आणि हात लावून ताप ठरवू नकोस, कातडी घामाने गार लागते आणि आत ताप असतो.

राहता राहिली शेगडी. खिडक्या बंद, खाटेखाली निखारे, कानाला स्कार्फ, हे सगळं तिकडे होणार. धुरी-शेकामागची माया मला कळते, डिंकाचे-अळीवाचे लाडू मीही करून पाठवणार आहे, पण बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला तो जिवावर बेततो. मे महिन्यात तर शेकाची गरजच काय? कूलरचा झोत अंगावर नको, पण पंखा चालू आणि खिडकी उघडी पाहिजे. बाळाला मात्र ऊब लागते, त्याला मनूच्या उघड्या छातीवर ठेवायचं, ती दमली की तुझ्या, तुझीपण तेवढीच चालते.

बॅगेत डिजिटल थर्मामीटर टाक, सेल तपासून. शेगडीचं विहिणींशी मी बोलते, तू मध्ये पडू नकोस, जावयाने बोललेलं त्यांना लागेल. मनूला सांग लाडू कमी गोड केलेत.

तुझी आई